तिघांच्या बोर्डातला कोरम

टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला फोर्ट बेंड काउंटीत घर घेतलेल्या कुणाही मराठी माणसाला मालमत्ता कराच्या बिलाबद्दल विचारा. शाळेचा कर किती, काउंटीचा किती, शहराचा किती, तो घडाघडा सांगेल. ‘एल.आय.डी.’ची ओळ मात्र बहुतेक जण काही न विचारता भरून टाकतात. लेव्ही इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणजे वस्तीभोवतीचा मातीचा पूरबांध, त्यातून पाणी बाहेर सोडणारे दरवाजे, आतली तळी, चर, पंप आणि या सगळ्यासाठी काढलेल्या रोख्यांचं कर्ज सांभाळणारी एक छोटी सरकारी संस्था. शुगर लँड, मिसुरी सिटी या भागात अशा बऱ्याच आहेत. त्यातल्या एकीचा मी संचालक आहे. आमचं बोर्ड तिघांचं.

मी मूळचा सांगलीचा. ‘आयर्विन पुलाखाली आत्ता किती फूट?’ हा प्रश्न ऐकतच मोठा झालो. त्यामुळे २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ आलं तेव्हा रिचमंड गावच्या पुलापाशी ब्राझोस नदी किती फुटांवर आहे हे बघत बसणं मला नवं नव्हतं. आदल्याच वर्षी जूनमध्ये ती ५४.७४ फुटांवर जाऊन विक्रम करून गेली होती. हार्वीत अंदाज आला ५९ फुटांचा. तेवढं पाणी बांधांना पेलणार नाही म्हणून बांधाआतल्या वस्त्यांना घरं सोडायला सांगितलं. १ सप्टेंबरला नदी ५५.१९ फुटांवर थांबली. बांध टिकले. तरी काही वस्त्यांत घरांत पाणी शिरलंच, आणि ते नदीचं नव्हतं. नदी चढली की बांधातले दरवाजे बंद करावे लागतात, नाहीतर तीच आत येईल; मग आत पडलेला पाऊस जाणार कुठे? तो पंपानं उचलून पलीकडे टाकावा लागतो. पंप किती, केवढे, त्यांना वीज कुठून, हे ठरवतं कोण, असं लोक तेव्हा पहिल्यांदा विचारायला लागले. उत्तर मिळालं: तीन माणसं. महिन्यातून एकदा, दुपारच्या जेवणाच्या वेळेला, वकिलांच्या कार्यालयात.

सांगलीत पुराचा निर्णय म्हणजे जिल्हाधिकारी, पाटबंधारे खातं आणि कोयनेतून किती क्युसेक सोडले याची बातमी. तिथे हात वर करून मत देणारं कुणी मी पाहिलं नव्हतं. इथे चक्क ठराव, अनुमोदन, मतदान. बघायला म्हणून बैठकींना जायला लागलो. प्रेक्षकांच्या खुर्च्यांत बहुतेक वेळा मी एकटाच असायचो. काही वर्षांनी एक जागा रिकामी झाली, अध्यक्षांनी विचारलं, मी अर्ज दिला. आमच्याकडे संचालक काउंटीचं कमिशनर्स कोर्ट नेमतं. नावात कोर्ट असलं तरी काम जिल्हा परिषदेचं. काही डिस्ट्रिक्टमध्ये रीतसर निवडणूक होते. माझी नेमणूक इतर पन्नास विषयांबरोबर एका झटक्यात मंजूर झाली. मी टाय घालून गेलो होतो, तो कुणाच्या लक्षात आला नाही.

मग कागद. शपथ घेण्याआधी एक वेगळं निवेदन सही करून द्यावं लागतं, की ही जागा मिळवण्यासाठी मी कुणाला पैसे, नोकरी किंवा कसलीही मौल्यवान वस्तू दिलेली नाही, देऊ केलेली नाही. त्यानंतर शपथ. मग दहा हजार डॉलरचा जामीनरोखा. काम इमानानं केलं नाही तर भरपाई त्यातून. आणि शपथेपासून ९० दिवसांत खुल्या सभांच्या कायद्याचं प्रशिक्षण. ते राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयानं केलेल्या व्हिडिओवर घरबसल्या होतं, शेवटी प्रमाणपत्र छापून मिळतं. बायकोनं ते फ्रिजवर लावलं.

खरं प्रशिक्षण दिलं ते आमच्या वकीलबाईंनी. पहिल्या बैठकीआधी त्यांनी मला बाजूला बसवून टेक्सासच्या जल संहितेचं ४९ वं प्रकरण उघडलं आणि कलम ०५३ वर बोट ठेवलं. दोन मुद्द्यांचं काम आहे. बोर्डाच्या सदस्यांपैकी बहुसंख्य हजर असले की गणपूर्ती, म्हणजे कोरम. आणि कोणताही निर्णय व्हायला पूर्ण सदस्यसंख्येच्या बहुमताची संमती हवी. हजर असलेल्यांच्या नव्हे, पूर्ण संख्येच्या.

मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, ‘‘तिघांवर लावून बघा.’’ दोघं आले की सभा भरते. पण ठराव मंजूर व्हायलाही दोनच मतं लागतात. म्हणजे तिघंही आले तर दोन विरुद्ध एक चालतं. एक जण आला नाही, तर उरलेल्या दोघांचं एकमत झाल्याशिवाय टाचणीसुद्धा घेता येत नाही. तिसरा गैरहजर राहिला की त्याचं मत कुणालाच मिळत नाही, आणि उरलेल्या प्रत्येकाच्या हातात नकाराधिकार येतो. अध्यक्षालाही एकच मत. समसमान झालं तर निर्णायक मत टाकायची सोय नाही.

माझ्या डोक्यात पुण्यातल्या भावाच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. तिथला कोरम वीस सभासद किंवा दोन तृतीयांश, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, अर्धा तास चहा, आणि त्याच मांडवात तहकूब सभा सुरू. तिला कोरम लागत नाही. ही वेळ नोटिशीतच छापलेली असते, म्हणून जाणती मंडळी अर्ध्या तासानंतरच घरून निघतात. तहकूब ग्रामसभेलाही तो लागत नाही. मी वकीलबाईंना विचारलं, दोघं जमलेच नाहीत तर? म्हणाल्या, घरी जायचं, पुन्हा नोटीस लावायची. अर्ध्या तासानं काय बदलतं, असं त्यांनी मला विचारलं. मला चांगलं उत्तर देता आलं नाही. चहा होतो, एवढंच.

नोटीस म्हणजे पूर्वी ७२ तास आधी. सप्टेंबर २०२५ पासून तीन कामकाजाचे दिवस आधी. नोटिशीत जो विषय नाही त्यावर चर्चाही नाही. नागरिकानं उठून वेगळंच काही विचारलं तर आम्ही फक्त माहिती किंवा आधीचं धोरण सांगू शकतो, नाहीतर ‘पुढच्या विषयपत्रिकेत घेऊ’ म्हणू शकतो. पहिले काही महिने लोकांना हे तुसडेपणाचं वाटतं. मलाही, प्रेक्षक होतो तेव्हा वाटलं होतं. विषयपत्रिकेवर असलेल्या विषयावर मात्र बोलायचा हक्क २०१९ पासून प्रत्येक नागरिकाला आहे, आणि मतदानाच्या आधी. एकदा एक चिनी आजोबा मुलाला दुभाषा करून घरामागच्या चरातल्या गाळाबद्दल बोलले. आमच्या तीन मिनिटांच्या घड्याळात त्यांना सहा मिनिटं मिळाली. दुभाष्याकरवी बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यायचा हे कायद्यातच आहे. त्यांनी ती सहाही मिनिटं वापरली.

आता या नियमाचा खरा काच कुठे बसतो ते सांगतो. कायद्याच्या दृष्टीनं सभा म्हणजे खोली, टेबल आणि राष्ट्रध्वज नव्हे. गणपूर्तीइतके सदस्य संस्थेच्या कामाबद्दल बोलले की ती सभा. नऊ जणांच्या बोर्डात तिघं जेवता जेवता बोलले तर पाचांचा आकडा गाठत नाही. आमच्याकडे कोणतेही दोघं म्हणजे गणपूर्ती. मी आणि दुसरा संचालक फोनवर ‘त्या पंपाचं काय करायचं रे’ असं बोललो, की ती नोटीस न लावलेली, जनतेला बंद असलेली बेकायदा सभा. ईमेल तसाच, व्हॉट्सअॅपही तसंच. मोठ्या बोर्डांत एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला असं साखळीनं बोलून बहुमत जमवतात, त्याला इकडे ‘वॉकिंग कोरम’ म्हणतात. जाणूनबुजून केल्यास शंभर ते पाचशे डॉलर दंड, एक ते सहा महिने तुरुंग किंवा दोन्ही. आमच्या कोरमला चालायचीही गरज नाही, तो दोन पावलांतच भरतो.

आणि माझे सहसंचालक, एक तेलुगू गृहस्थ, दोन गल्ल्या सोडून राहतात. देवळात भेटतात, किराणा दुकानात कढीपत्ता निवडताना भेटतात, दिवाळीला घरी येतात. सामाजिक समारंभात भेटायला बंदी नाही, संस्थेच्या कामाची चर्चा नको एवढंच. आमचं क्रिकेटचं ज्ञान गेल्या काही वर्षांत फार वाढलं आहे. एकदा त्यांच्या सौ.नी सहज विचारलं, की मागच्या तळ्याची भिंत कधी दुरुस्त होणार. आम्ही दोघंही एकदम मुलांच्या कॉलेजबद्दल बोलायला लागलो. त्यांना वाटलं आमचं भांडण झालंय.

इंजिनिअर, हिशेबनीस, बांधाची देखभाल करणारा कंत्राटदार हे सगळे बाहेरचे व्यावसायिक, आणि ते प्रत्येक संचालकाला स्वतंत्रपणे माहिती देऊ शकतात. पण ‘त्यांचं याबाबतीत काय मत आहे?’ असं मी इंजिनिअरला विचारायचं नाही, त्यानंही इकडचं तिकडे न्यायचं नाही. सुरुवातीला हा सगळा प्रकार मला सोवळ्याओवळ्यासारखा वाटे. आता मी पूर्ण त्याच्या बाजूचा आहे. कारण बाहेर बोलायची सोय नसली की सगळं बैठकीतच बोलावं लागतं. शंका, अज्ञान, विरोध, सगळं उघड्यावर. आपल्याकडच्या किती सभांमध्ये ठराव आधीच कुणाच्या तरी दिवाणखान्यात शिजलेला असतो आणि सभेत फक्त वाढला जातो!

याची परीक्षा २०२४ च्या वसंतात झाली. इंजिनिअरनं सुचवलं होतं की पंपगृहात एक राखीव पंप कायमचा बसवावा. अध्यक्षांची शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे टेबलाशी आम्ही दोघंच. व्हिडिओवरून त्यांना घ्यावं असं मी विचारलं. घेता आलं असतं, पण कायद्याप्रमाणे गणपूर्ती एका जागी प्रत्यक्ष बसलेली हवी. ती आमच्या दोघांची होतीच. मात्र ते औषधांच्या गुंगीत होते आणि त्यांनी स्वतःच नको म्हटलं. कोविडच्या काळात राज्यपालांनी हे नियम स्थगित केले होते तेव्हा सगळी बैठक फोनवर चालायची. ती सवलत सप्टेंबर २०२१ ला संपली.

मी ठराव मांडला. सहसंचालकांनी अनुमोदन दिलं, आणि मग विरोधात मत दिलं. मला धक्का बसला, कारण ते विरोधात आहेत हे मला कळायचा कायदेशीर मार्गच नव्हता! अनुमोदन का दिलंत, असं विचारलं तर म्हणाले, अनुमोदन नसतं तर चर्चाच झाली नसती आणि मला माझं म्हणणं इतिवृत्तात हवं होतं. त्यांचं म्हणणं असं की जुन्या रोख्यांचं कर्ज फिटेपर्यंत कराचा दर वाढवू नये. एक विरुद्ध एक. ठराव बारगळला. आमच्या इतिवृत्तात कुणी कसं मत दिलं ते नावानिशी लिहितात, तसं लिहिलं गेलं.

पुढच्या महिन्यात अध्यक्ष आले. तेल कंपनीतून निवृत्त झालेले जुने इंजिनिअर, पंपाविषयी बोलायला बसले की सूर्य मावळतो. त्यांनी इंजिनिअरला भरपूर पिळून काढलं: जुन्या पंपांच्या चाचण्यांची नोंद, डिझेल किती तास पुरतं, नदीचे दरवाजे बंद असताना तळी किती भरतात. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंतच्या वादळांच्या मोसमासाठी फिरता पंप भाड्यानं आणायचा आणि कायमच्या पंपाचा विचार पुढच्या अंदाजपत्रकात करायचा. मी विरोधात मत दिलं. भाड्यात पैसे घालवणं मला पटलं नाही, अजून पटलेलं नाही. दोन विरुद्ध एक, मंजूर. महिनाभर आधी मी एकमताअभावी अडलो होतो, आता माझ्या विरोधाला किंमत नव्हती. नियम तोच, फक्त तिसरी खुर्ची भरली होती.

गैरहजेरीचं वजन किती असतं हे शेजारच्या हॅरिस काउंटीनं सगळ्यांना दाखवलंय. तिथलं पूरनियंत्रण डिस्ट्रिक्ट राज्याच्या विधिमंडळानं १९३७ मध्ये स्थापन केलं, १९२९ आणि १९३५ च्या पुरांनी ह्यूस्टन बुडाल्यावर. त्याला आमच्यासारखं वेगळं बोर्ड नाही, काउंटीचं पाच जणांचं कमिशनर्स कोर्टच त्याचा कारभार पाहतं. २०१८ मध्ये मतदारांनी पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरचे रोखे भरघोस मतांनी मंजूर केले. एरवी या कोर्टाची गणपूर्ती तिघांची. पण काउंटीचा कर ठरवायचा असेल तर राज्याच्या कायद्याप्रमाणे पाचापैकी चार हजर हवेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये करवाढीच्या मतदानाला स्टीव्ह रॅडॅक आणि जॅक केगल हे दोन कमिशनर आलेच नाहीत. तिघांचं बहुमत टेबलाशी बसून राहिलं आणि करवाढ पडली. २०२२ मध्ये केगल आणि टॉम रॅमसी यांनी पुन्हा तेच केलं, एकदा नव्हे, अनेक बैठकींना. शेवटी मुदत संपली आणि कायद्यानं आपोआप लागणारा, जवळपास आदल्या वर्षीइतकंच उत्पन्न देणारा दर लागू झाला.

आमच्याकडे चहाच्या टेबलावर यावरून दोन तट पडतात. अल्पमताला कराबाबत तेवढं हत्यार हवंच, असं एक म्हणणं. मला ते पटत नाही. विरोध असेल तर येऊन विरोधात मत द्यावं आणि ते नावानिशी लिहून घ्यावं, माझ्या सहसंचालकांसारखं. पण कायदा त्यांच्या बाजूनं होता हे मान्य करावं लागतं.

हितसंबंधांचा प्रश्नही तिघांच्या बोर्डात वेगळाच वळतो. संचालकाचा किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाचा एखाद्या व्यवहारात भरीव स्वार्थ असेल तर प्रतिज्ञापत्र देऊन त्यानं त्या विषयात भाग घ्यायचा नाही. मग उरले दोघं, आणि दोघांचं एकमत हवं. एका तळ्याच्या कामात अध्यक्षांची जमीन लगत होती. ते उठून बाहेर जाऊन बसले. आम्ही दोघांनी त्या दिवशी एकमेकांकडे फार सांभाळून पाहिलं, कारण पंपाच्या वेळचा अनुभव ताजा होता. ठराव मंजूर झाला. गंमत म्हणजे बहुसंख्य सदस्यांचा तसाच स्वार्थ असेल आणि सगळ्यांनी प्रतिज्ञापत्रं दिली, तर कुणालाच बाहेर जावं लागत नाही. नाहीतर निर्णय घ्यायला कुणी उरलंच नसतं.

आणि मग ८ जुलै २०२४. बेरिल वादळ पहाटे माटागोर्डापाशी किनाऱ्याला लागलं आणि ह्यूस्टन परिसरातली वीस लाखांहून जास्त वीजजोडण्या बंद पडल्या. पाण्यापेक्षा वाऱ्याचं वादळ. आमच्या चरांत झाडं आडवी, पंपगृहात जनरेटर चालू, डिझेल मिळेना. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. दरवाजे बंद करणं, पंप चालू करणं याला आमच्या मतांची गरज नसते. ते अधिकार आधीच ठरावानं देखभाल करणाऱ्यांना दिलेले असतात, नाहीतर पाणी कोरमची वाट बघत थांबलं असतं. पण ठरलेल्या मर्यादेपलीकडे पैसे खर्चायचे तर मत हवं.

अशा वेळी कायदा हात सैल सोडतो. पूर, वादळ, वीज जाणं ही आणीबाणी कायद्यात नावानिशी आहे. अशा सभेला एक तासाची नोटीस पुरते. आणीबाणी काय ते नोटिशीत स्पष्ट लिहायचं, आणि तिच्याशी थेट संबंध नसलेला एकही विषय घ्यायचा नाही. एका जागी जमणं अशक्य असेल तर सभा फोनवरही चालते, मात्र नोटिशीत दिलेल्या जागी जनतेला ती ऐकू यायला हवी आणि तिचं ध्वनिमुद्रण व्हायला हवं. वकीलबाईंच्या कार्यालयात वीज होती. तिथे टेबलावर स्पीकर लावून ठेवला. अध्यक्षांचा फोन लागेना. मी गाडीत बसून फोन चार्ज करत बोलत होतो, सहसंचालक त्यांच्या मुलीच्या घरून. पुन्हा आम्ही दोघंच. दोघांपैकी एकाचाही फोन तुटला असता तर गणपूर्ती मोडली असती.

झाडं उचलायचं कंत्राट आणि जनरेटरचं डिझेल, दोन विषय. इंजिनिअरनं आकडे सांगितले. सहसंचालकांनी दर जास्त आहे असं म्हटलं, मी म्हटलं आहेच. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक अट घातली, की डिझेलचा ठराव फक्त आठवड्यापुरता असावा आणि पुढचं पूर्ण बोर्डासमोर यावं. मी ती दुरुस्ती मान्य केली. दोन्ही ठराव दोन विरुद्ध शून्य. वकीलबाईंनी वेळ नोंदवून सभा संपल्याचं जाहीर केलं, आणि लगेच म्हणाल्या, आता दोघांपैकी एकानं आधी फोन ठेवा.

कायमच्या पंपाचा विषय त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आला. तिघंही हजर होतो. सहसंचालकांनी बेरिलमधल्या डिझेलच्या पावत्या पुढे ठेवून पुन्हा विरोध केला, अध्यक्षांनी या वेळी माझ्या बाजूनं मत दिलं. निविदा निघाल्या आहेत. त्या उघडायच्या बैठकीला अध्यक्ष नातीच्या लग्नाला कोलोरॅडोला असणार आहेत, आणि सहसंचालक काय करतील ते मला त्या दिवशीच कळेल.